आमच्यानंतर तो कुठे राहील? : एका वृद्ध दांपत्याच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७२ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत आणि आई ६७ वर्षांच्या आहेत. मुलगा ३६ वर्षांचा असून डाउन सिंड्रोममुळे त्याला मध्यम स्वरूपाचे बौद्धिक दिव्यांगत्व आहे. प्रमाणपत्रावर ७५ टक्के नोंद आहे. कराडजवळ स्वतःचे तीन खोल्यांचे घर आहे. विवाहित मुलगी पुण्यात राहते. एका निवासी संस्थेने मुलाला आजन्म सांभाळण्याच्या बदल्यात मोठी ठेव मागितली आहे आणि राहते घर संस्थेच्या नावे बक्षीसपत्राने करून द्यावे असेही सुचवले आहे. हे करावे का, याशिवाय राहण्याचे आणि रोजच्या देखभालीचे कोणते पर्याय आहेत, आणि कायदेशीर पालकत्वाचे काय करायचे, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तिथे घाई झाली की पुढचे बहुतेक मार्ग बंद होतात. घराचे बक्षीसपत्र आत्ता करून देऊ नये. नोंदणी झालेले बक्षीसपत्र त्याच दिवसापासून अमलात येते आणि पुढे मन बदलले म्हणून ते एकतर्फी रद्द करता येत नाही. आईवडिलांनी मुलांच्या नावे केलेले घर परत मिळाल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. त्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खालच्या असतात. त्या कलमाचे संरक्षण मालमत्ता देणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाला त्याच्या स्वतःच्या सांभाळासाठी आहे. आपल्या पश्चात संस्थेने मुलाची आबाळ केली, तर या कलमाच्या आधारे त्याच्या वतीने घर परत मागणे सोपे जाणार नाही. संस्था प्रामाणिक असली तरी विश्वस्त बदलतात, भांडणे होतात, अनुदान थांबते, आणि कधी कधी संस्थाच बंद पडते. अशा वेळी मुलाला दुसरीकडे हलवण्यासाठी हातात काही तरी उरले पाहिजे, आणि आपल्या बाबतीत ते घरच आहे. ठेवीचा विचार करता येईल. मात्र ती किती, तिच्यावरचे व्याज कोणाचे, मुलगा सहा महिन्यांत परत आला किंवा दोन वर्षांत वारला तर किती रक्कम परत मिळणार, आणि कोणत्या कारणासाठी संस्था त्याला काढून टाकू शकते, हे सारे करारात लिहिलेले असावे. 'आमच्याकडे असे कोणी विचारत नाही' असे उत्तर मिळाले, तर त्या संस्थेचा विचार सोडून द्यावा.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे पालक 'चांगली संस्था कोणती?' या प्रश्नापासून सुरुवात करतात, आणि मला ती सुरुवातच चुकीच्या टोकाकडून केलेली वाटते. राहण्याची जागा आणि रोजचा आधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस स्वतःच्या घरात राहून बाहेरून आधार घेऊ शकतो, आणि संस्थेत राहूनही आधाराविना दिवस काढू शकतो. म्हणून आधी त्याला कोणत्या वेळी, कोणत्या कामात, किती मदत लागते हे ठरवावे. जागेचा निर्णय त्यावरून आपोआप अरुंद होत जातो. हा केवळ माझा कल नव्हे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे, कोणत्याही विशिष्ट व्यवस्थेतच राहण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही, आणि घरपोच मदत, निवासी मदत व वैयक्तिक साहाय्यक अशा सेवा तिच्या आवाक्यात असाव्यात, असे म्हटले आहे. यातल्या सेवा आपल्या तालुक्यात किती उपलब्ध आहेत हा प्रश्न निराळा आणि दुखरा आहे. तरीही विचाराची दिशा हीच असावी.

यासाठी दोन आठवडे एक वही ठेवावी. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत आणि रात्री उठला तर तेव्हाही, प्रत्येक कामापुढे चारपैकी एक खूण करावी : स्वतः करतो, तोंडी सांगितल्यावर करतो, हात लावावा लागतो, पूर्ण आपणच करतो. 'आंघोळ' असे एकच काम लिहून भागत नाही. बादलीत गरम पाणी आधी की गार आधी, पाणी हात लावून बघणे, कपडे काढून खुंटीला अडकवणे, डोके ओले करणे, साबण लावणे, मानेच्या मागचा आणि काखेतला साबण धुणे, पायांच्या बोटांमधली जागा पुसणे, उलटा बनियन सुलटा करणे, असे तुकडे पाडले की चित्र बदलते. बहुतेक घरांत आई सगळी आंघोळ घालत असते, कारण आठ वाजता दिव्यांगांच्या कार्यशाळेची गाडी येते आणि तो स्वतः करायला गेला तर पाऊण तास लागतो. तुकडे पाडल्यावर दिसते की पाण्याचे मिश्रण आणि डोके धुणे एवढ्यापुरतीच मदत लागते आहे आणि बाकीचे तो करू शकतो. ही मदत पगारी माणसाकडून दिवसातून अर्धा तास घेता येते. 'आंघोळ घालावी लागते' असे नुसते लिहिले तर तीच मदत पूर्णवेळ वाटते, आणि मग संस्थेशिवाय इलाज नाही असे वाटू लागते. भिंतीवर चित्रांची क्रमवार पट्टी लावली आणि घाई नसलेल्या रविवारपासून सुरुवात केली, तर छत्तिसाव्या वर्षीही नवे शिकता येते. आईने त्या वेळी स्नानघराबाहेर उभे राहायचे आणि आत जायचे नाही, हा यातला सर्वांत अवघड भाग असतो.

वहीत रात्रीची नोंद विशेष काळजीने करावी, कारण व्यवस्थेचा खर्च दिवसापेक्षा रात्र ठरवते. जो रात्रभर झोपतो त्याच्यासाठी घरात कोणी झोपायला असले तरी पुरते. जो दोनदा उठून दार उघडतो त्याच्यासाठी जागे राहणारे माणूस लागते, आणि ती व्यवस्था फार थोड्या घरांना परवडते.

आपण लिहिलेल्या वर्णनावरून मुलाची मदत मुख्यतः तोंडी सूचनांची दिसते : तो स्वतः जेवतो, शौचाला जातो, ओळखीच्या दुकानातून दूध आणतो, पण पैसे मोजता येत नाहीत, गॅस लावता येत नाही, औषधाची वेळ कळत नाही. अशा व्यक्तीसाठी माझ्या मते पहिला पर्याय म्हणजे आपले घर तसेच ठेवून त्यात आधार उभा करणे. दिवसा कार्यशाळा किंवा दिवसभराचे केंद्र, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तासांचा मदतनीस, रात्री घरात राहणारे एक माणूस किंवा एखादे विश्वासू भाडेकरू कुटुंब, आणि या सर्वांवर आठवड्याला नजर टाकणारी बहीण किंवा विश्वस्त, अशी ही रचना असते. मदतनीस एकच ठेवू नये. एकाच माणसावर सारे अवलंबून असले की तो गावी गेला तरी घर बंद पडते, आणि गैरवर्तन झाले तर ते सांगणारे दुसरे कोणी नसते. मदतनीस पुरवणाऱ्या ब्यूरोमार्फत माणूस घेतला तरी पोलीस पडताळणी स्वतः करून घ्यावी. पैशांचा व्यवहार मदतनीसाच्या हातात मुळीच नसावा. किराणा आणि औषधांचे दुकान महिन्याच्या खात्यावर ठेवून बिल परस्पर बहिणीने चुकते करावे.

याचीच पुढची पायरी म्हणजे दोन-तीन पालकांनी मिळून एक घर चालवणे. आपल्या मुलाच्या कार्यशाळेत त्याच्या बरोबरीचे आणखी काही प्रौढ असतीलच, आणि त्यांच्या आईवडिलांनाही हाच घोर असणार. तीन-चार जण एका घरात राहिले की रात्रीच्या माणसाचा आणि स्वयंपाकाच्या बाईंचा खर्च वाटला जातो, आणि सोबतही मिळते. मोठ्या प्रमाणावर पालकांनीच उभे केलेले उदाहरण म्हणजे डोंबिवलीजवळ खोणी येथील अमेय पालक संघटनेचे 'घरकुल'. ते पाहण्यासाठी एकदा अवश्य जावे. प्रवेशासाठी नव्हे, तर पालकांनी एकत्र येऊन काय काय ठरवून घ्यावे लागते हे समजून घेण्यासाठी. अशा घरात भांडण जेवणावरून किंवा खर्चावरून क्वचितच होते. एखादा पालक वारतो, त्याचा हिस्सा थकतो आणि उरलेल्यांनी किती काळ ओढायचे हे लिहिलेले नसते, तिथे ते होते. म्हणून प्रत्येक कुटुंबाने किमान वर्षभराचा हिस्सा आगाऊ ठेवावा, असा नियम पहिल्या दिवसापासून असावा.

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता अशा व्यक्तींसाठी केंद्र सरकारने स्थापलेल्या राष्ट्रीय न्यासाच्या योजनांपैकी 'घरौंदा' ही प्रौढांच्या समूहनिवासासाठी आणि 'समर्थ' ही तात्पुरत्या निवासासाठी आहे, आणि आता त्या एकत्र राबवल्या जातात. अशी केंद्रे न्यासाकडे नोंदणी केलेल्या संस्था चालवतात आणि ती सर्वत्र नाहीत. आपल्या जिल्ह्यात नोंदणीकृत संस्था कोणती हे जिल्हाधिकारी कार्यालयातील स्थानिक स्तर समितीकडे कळते. अनुदानित निवासी विशेष शाळांचा विचार आपल्याला उपयोगी नाही, कारण त्या प्रामुख्याने १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. १८ वर्षांनंतर जावे कुठे, हा प्रश्न अनाथ मुलांच्या बाबतीत तर आणखी तीव्र होतो. अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांचा सांभाळ करणारे शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, ते वर्षानुवर्षे हीच मागणी करत आले आहेत की बालगृहातील अशा मुलांना वय १८ झाले म्हणून बाहेर काढू नये आणि आजन्म पुनर्वसनासाठी कायदा व्हावा.

बहिणीच्या घरी कायमचे राहणे हा पर्याय आपण गृहीत धरलेला दिसतो, कारण पत्रात 'शेवटी ती आहेच' असे वाक्य आहे. हे वाक्य तिच्यासमोर कोणी उच्चारले आहे का? तिला स्वतःचे सासू-सासरे, नोकरी आणि मुले आहेत. तिने भावावर लक्ष ठेवायचे, त्याच्या बाजूने बोलायचे, सणाला घरी न्यायचे, हे एक काम आहे. त्याला रोज आंघोळीपासून झोपेपर्यंत सांभाळायचे हे सर्वस्वी वेगळे काम आहे. पहिले काम ती तीस वर्षे करू शकेल. दुसरे तिच्यावर न विचारता टाकले, तर पहिलेही हातचे जाण्याची भीती असते. तिला आणि जावयांना समोर बसवून, यातले काय जमेल आणि काय जमणार नाही हे स्पष्ट विचारावे आणि 'नाही' हे उत्तर राग न धरता ऐकावे.

मोठी निवासी संस्था हा पर्याय मी शेवटी ठेवते. पण वाईट म्हणून नव्हे. रात्री सतत जाग लागणारी, वारंवार फिट येणारी किंवा अंथरुणाला खिळलेली व्यक्ती असेल आणि घरात माणूस नसेल, तर चांगली संस्था हाच योग्य आधार असतो. मात्र संस्था पाहायची पद्धत बदलावी. सकाळी अकरा वाजता, आधी फोन करून गेलात, तर आपल्याला प्रार्थना, हस्तकला आणि चहा दिसेल. संध्याकाळी सातनंतर जावे. २०१६ च्या कायद्याखाली संस्थेला नोंदणी बंधनकारक आहे. त्या प्रमाणपत्राची मुदत पाहावी. मग कार्यालयातून उठून स्नानघराकडे जावे. दात घासण्याचे ब्रश एकाच मगात कोंबलेले आहेत की प्रत्येकावर नाव आहे? टॉवेल किती आहेत? राहणाऱ्यांची नखे कापलेली आहेत का, दातांवर किटण आहे का, अंगावरचे कपडे त्यांच्या मापाचे आहेत की कपाटातून निघेल ते चढवले आहेत? एकाच वॉर्डात सगळ्यांचे केस सारखे बारीक कापलेले असतील, तर तिथे उवांचा बंदोबस्त झालेला असतो, पण माणसाला विचारण्याची पद्धत नसते. रात्री किती जणांमागे एक कर्मचारी जागा असतो हे विचारावे आणि पहिले उत्तर झाले की त्या कर्मचाऱ्यालाही वेगळे विचारावे. औषधांची नोंदवही मागावी. झोपेचे किंवा शांत करणारे औषध किती जणांना चालू आहे आणि ते कोणत्या डॉक्टरांनी लिहिले आहे हे तिच्यातून दिसते. पन्नाशी उलटलेले रहिवासी आहेत का, आजारी पडल्यावर त्यांना कोणत्या रुग्णालयात नेतात आणि तिथे सोबत कोण थांबते, हेही विचारावे. 'नातेवाईकांनी यायचे' असे उत्तर असेल, तर आपल्या पश्चात पुण्याहून धावत येणारी बहीणच असणार आहे.

आजकाल काही वृद्धाश्रम आईवडिलांना आणि दिव्यांग मुलाला एकत्र ठेवतात. ही सोय आकर्षक वाटते, कारण ताटातूट टळते. तिथे एकच प्रश्न निर्णायक असतो : आईवडील दोघेही गेल्यावर मुलाची जागा कायम राहील का, आणि कोणत्या दराने? लेखी उत्तर नसेल, तर ही फक्त काही वर्षांची सोय आहे असे समजून चालावे.

डाउन सिंड्रोमविषयी एक गोष्ट बहुतेक पालकांना कोणी सांगत नाही, म्हणून इथे थोडे थांबते. या व्यक्तींचे शरीर लवकर म्हातारे होते. थायरॉईड मंदावणे, ऐकू कमी येणे, लवकर मोतीबिंदू होणे आणि झोपेत श्वास अडणे हे त्यांच्यात इतरांपेक्षा बरेच अधिक आढळते, आणि चाळिशीनंतर अल्झायमरचा धोका झपाट्याने वाढतो. त्यामुळे आजची वही आज खरी आहे. आणखी दहा वर्षांनी मदतीचे स्वरूप वेगळे असेल. चाळिशीच्या आतच त्याला आज काय काय येते याची तपशीलवार नोंद आणि छोटी चित्रफीत करून ठेवावी, कारण पुढे तो दुधाच्या दुकानाचा रस्ता चुकू लागला, तर 'हे आधी येत होते' हे सांगणारे आईवडील तेव्हा नसतील. त्याच वेळी घाईने अल्झायमरचा शिक्काही मारू नये. अचानक सुस्ती आली, बोलणे कमी झाले, अंथरुणात लघवी झाली, तर आधी थायरॉईडची रक्ततपासणी, कान, डोळे आणि झोप तपासून घ्यावी. यातले बरेच उपचाराने सुधारते. घरातही आत्ताच थोडे बदल करून घ्यावेत : स्नानघराला बाहेरूनही उघडता येईल अशी कडी, शौचकुपाशेजारी पकडायला दांडा, न घसरणारी फरशी आणि दारापुढच्या दोन पायऱ्यांच्या जागी उतार. उताराला १ : १२ हे प्रमाण ठेवावे, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. गवंडी सहसा जागा वाचवण्यासाठी तो याच्या निम्म्या लांबीत बसवतात, आणि मग पावसाळ्यात त्यावरून कोणालाच नीट उतरता येत नाही.

आता पालकत्व. मुलाला १८ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपले; १८ वर्षांपूर्वीच हे घडले असले तरी आपल्याला ते बँकेत किंवा नोंदणी कार्यालयात गेल्यावरच जाणवते. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ मध्ये आला. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांना लागू असून, त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. आईवडील संयुक्तपणे अर्ज करू शकतात. नियुक्तीनंतर सहा महिन्यांच्या आत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेबही सादर करावा लागतो. हा हिशेब फार थोडे पालक देतात, पण मालमत्ता असेल तर तो टाळू नये. समितीने दिलेल्या पालकत्वाच्या प्रमाणपत्रावर बँकेत खाते उघडता आणि चालवता येते, आणि रिझर्व्ह बँकेनेही बँकांना तशा सूचना दिलेल्या आहेत. शाखेत नकार मिळाला तर तो लेखी मागावा. महत्त्वाची बाब अशी की मृत्युपत्रात 'माझ्यानंतर मुलगी पालक' असे लिहिले म्हणून ती पालक होत नाही. तिला समितीकडे नव्याने अर्ज करावा लागेल. मृत्युपत्रातले वाक्य आणि आपण हयातीत समितीला दिलेले पत्र यांनी तिचे काम सोपे मात्र होईल. (ज्यांच्या घरी मानसिक आजार असलेली किंवा केवळ शारीरिक दिव्यांगत्व असलेली व्यक्ती आहे, त्यांना हा मार्ग लागू नाही, त्यांच्यासाठी २०१६ च्या कायद्यातील कलम १४ चे मर्यादित पालकत्व आहे, ज्यात ठरावीक निर्णयापुरते आणि ठरावीक काळापुरते, व्यक्तीशी विचारविनिमय करूनच निर्णय घ्यायचे असतात.) आपल्या मुलालाही विचारण्याची सवय ठेवावी. कोणाबरोबर राहायला आवडेल हे त्याला सांगता येते. 'त्याला काय कळते' हे वाक्य मी अनेक घरांत ऐकले आहे, आणि त्यातल्या बहुतेक घरांत त्याला बरेच कळत होते.

पैशांच्या बाबतीत आपली बाजू आपण समजता त्यापेक्षा भक्कम आहे. राज्य शासनाच्या निवृत्तिवेतन नियमांनुसार, स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग अपत्याला आईवडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन मिळते आणि त्याला अपत्यांसाठीची नेहमीची वयोमर्यादा आड येत नाही. मात्र त्याचे नाव आणि दिव्यांगत्वाची नोंद आपल्या निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत आत्ताच असायला हवी. ज्या कार्यालयाने आपले निवृत्तिवेतन मंजूर केले तिथे जिल्हा शल्यचिकित्सकांचे प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे ओळखपत्र) आणि पालकत्वाचे प्रमाणपत्र जोडून अर्ज करावा आणि पोच घ्यावी. आईवडील हयात असताना ही नोंद करायला दोन-तीन फेऱ्या पडतात. नंतर बहिणीला तेच काम करायचे तर वर्ष-दोन वर्षे कार्यालयाच्या चकरा माराव्या लागतात, आणि तेवढा काळ मदतनीसाचा पगार कोण देणार हा प्रश्न उभा राहतो. खासगी नोकरीतल्या पालकांनी लक्षात ठेवावे की भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतही कायमस्वरूपी आणि पूर्णतः दिव्यांग अपत्याला वयाच्या अटीशिवाय पेन्शन आहे.

राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्यविमा योजना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या खर्चासाठी आहे आणि तिला पूर्वतपासणी लागत नाही. तिचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. बहिणीच्या मोबाइलमध्ये त्याची आठवण लावून ठेवावी. महानगरपालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, तेव्हा आपल्या ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करून ठेवायला हरकत नाही. मिळणारी रक्कम लहान असते, पण गावाच्या नोंदीत मुलाचे नाव येते. आयकर भरत असाल, तर अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठीची ७५,००० रुपयांची वजावट जुन्या करपद्धतीत मिळते आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल तर ती १,२५,००० रुपये होते. आपल्या मुलाचे प्रमाणपत्र ७५ टक्क्यांचे असल्याने पहिली रक्कम लागू होईल.

घराचे काय करायचे हा प्रश्न उरतो. मुलाच्या नावे घर थेट करून देणे आणि ते मुलीच्या नावे 'विश्वासाने' करणे ही दोन्ही टोके मी टाळीन. थेट त्याच्या नावे केले तर दुरुस्तीपासून विक्रीपर्यंत प्रत्येक गोष्टीत पालकाच्या अधिकाराचा प्रश्न येतो. मुलीच्या नावे केले तर तिच्यावर संकट आले, कर्ज झाले किंवा ती आधी गेली, तर घर तिच्या वारसांचे होते. अधिक सुरक्षित मार्ग दोन आहेत. मृत्युपत्रात मुलाला घरात हयातीपुरता राहण्याचा आणि भाड्याच्या उत्पन्नाचा हक्क द्यावा आणि त्याच्या पश्चात घर मुलीकडे जावे, हा सोपा मार्ग आहे. मालमत्ता अधिक असेल, तर १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखाली खासगी न्यास (ट्रस्ट) स्थापन करावा, ज्याचा एकमेव लाभार्थी मुलगा असेल. विश्वस्त तीन असावेत, त्यांतला निदान एक आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असावा, आणि ज्याच्या हातात मुलाची देखभाल आहे त्याच्याच हातात पैशाची चावी असू नये. बहीण पालक असेल, तर विश्वस्तांत भाचा, जुना विद्यार्थी किंवा व्यावसायिक विश्वस्त असावा. म्हणजे एकाने खर्च सुचवायचा आणि दुसऱ्याने तो तपासून द्यायचा. मसुदा वकिलाकडून आणि करांची बाजू चार्टर्ड अकाउंटंटकडून पाहून घ्यावी. आणखी एक नेहमीचा गैरसमज इथेच दूर करते : बँकेत किंवा गृहनिर्माण संस्थेत नामनिर्देशन केले म्हणजे मालकी ठरली असे होत नाही, ती मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते.

या सर्व कागदपत्रांइतकेच महत्त्व मी सरावाला देते. मुलगा ३६ वर्षांत आईवडिलांशिवाय किती रात्री झोपला आहे? बहुतेक घरांत उत्तर एकही नाही असे असते. अशा मुलाच्या आयुष्यात आई जाणे आणि घर सुटणे एकाच आठवड्यात घडले, तर तो जेवण सोडतो, आक्रमक होतो किंवा गप्प बसून राहतो, आणि मग 'याला सांभाळणे कठीण आहे' असा शेरा बसून संस्थाही त्याला नाकारते. म्हणून येत्या दिवाळीपूर्वी बहिणीकडे दोन रात्री, आपण दोघे सोबत नसताना, अशी सुरुवात करावी. नंतर हेच मदतनीसाबरोबर स्वतःच्या घरी करावे : आपण एखाद्या नातेवाइकांकडे जावे आणि मुलाने घरीच राहावे. मग एखाद्या चांगल्या संस्थेत तात्पुरत्या निवासासाठी आठवडाभर ठेवून पाहावे. परत आल्यावर त्याचे वजन, झोप आणि बोलणे यांत काय बदल झाला हे वहीत लिहावे. जी संस्था आज आजन्म करार मागते आहे, तिलाही हेच सांगावे की आधी तीन महिने मासिक शुल्कावर राहू द्या; या विनंतीला ती काय उत्तर देते यावरूनच पुष्कळ कळेल.

वहीच्या शेवटी काही पाने बहिणीसाठी आणि पुढच्या अनोळखी माणसासाठी राखावीत : त्याला दुखते तेव्हा तो सांगत नाही पण कान ओढतो, भेंडीची भाजी दिली तर ताट ढकलतो, वीज कडाडली की कॉटखाली जातो, वडिलांचा जुना शर्ट जवळ असला की झोपतो, इंजेक्शनपूर्वी काय सांगितले की हात पुढे करतो. यांतले तपशील आपल्या मुलाचे वेगळे असतील. ही पाने आईने लिहावीत आणि त्यांची एक प्रत पालकत्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. कामांचा क्रम विचाराल, तर आधी निवृत्तिवेतनातली नोंद आणि स्थानिक स्तर समितीचा अर्ज करावा, कारण दोन्हींना आपली सही आणि आपली हजेरी लागते. मृत्युपत्राचा मसुदा त्याच दरम्यान होईल. संस्थेला बक्षीसपत्राबाबत नकार कळवताना आपण कराराचा मसुदा मागवला आहे एवढेच लिहावे आणि उत्तर येईपर्यंत ठेवीचा धनादेश देऊ नये.